आईचे शरीर बाळाला परके का मानत नाही? मेडावार यांनी विचारलेला प्रश्न

नवऱ्याच्या अंगावरची रुपयाएवढी त्वचा काढून बायकोच्या जखमेवर बसवली, तर पहिले काही दिवस ती छान चिकटते. तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, रंग गुलाबी होतो. मग आठवडा-दीड आठवड्यात ती सुजते, काळवंडते आणि गळून पडते. बायकोच्या शरीराने ती परकी म्हणून नाकारलेली असते. पण त्याच नवऱ्याचा निम्मा वारसा घेऊन आलेला गर्भ तीच बाई नऊ महिने पोटात वाढवते. त्याची वार गर्भाशयाच्या भिंतीत मुळे रोवते, आईच्या रक्तावर पोसते, आणि आईचे शरीर ते चालू देते. असे कसे?

पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणे पाहणाऱ्या सुईणींना आणि डॉक्टरांना हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण रोज घडणाऱ्या गोष्टीचे कोणाला नवल वाटत नाही. तो नेमक्या शब्दांत मांडला पीटर मेडावार या प्राणिशास्त्रज्ञाने, १९५३ साली. त्यांनी त्याची तीन संभाव्य उत्तरेही दिली होती. तिन्ही अपुरी ठरली. तरीही गरोदरपणातल्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास आजही तिथूनच सुरू होतो. हा माणूस कोण होता आणि त्याच्या प्रश्नाचे पुढे काय झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याच प्रश्नाच्या अर्धवट उत्तरांवर आज आपल्याकडेही बरेच महागडे उपचार विकले जातात, म्हणून तर अधिकच.

मेडावार यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्राझीलमध्ये झाला. वडील लेबनॉनमध्ये जन्मलेले व्यापारी, आई ब्रिटिश. शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. मार्लबरोच्या निवासी शाळेत ते फारसे रमले नाहीत, पण जीवशास्त्राची गोडी तिथेच लागली. १९३२ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजात दाखल झाले आणि १९३५ मध्ये प्राणिशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात मिळवली. पुढे पेनिसिलिनमुळे नावारूपाला आलेल्या हॉवर्ड फ्लोरी यांच्या विभागात त्यांनी संशोधन सुरू केले. १९३७ मध्ये जीन टेलर यांच्याशी विवाह झाला. जीन नंतर ब्रिटनमधल्या कुटुंबनियोजन संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.

मेडावार डॉक्टर नव्हते. त्यांना माणसांच्या आजाराकडे आणले ते युद्धाने. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात एक ब्रिटिश बॉम्बर विमान ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या घराजवळ कोसळले. त्यातला एक तरुण वैमानिक भयंकर भाजलेल्या अवस्थेत रुग्णालयात आला. त्याच्यासाठी काही सुचते का पाहा, म्हणून डॉक्टरांनी मेडावार यांना बोलावले. भाजलेल्या माणसाची मुख्य अडचण अशी की जखम झाकायला त्याच्या स्वतःच्या अंगावर पुरेशी धड त्वचा उरलेली नसते. दुसऱ्याची लावावी तर ती टिकत नाही. का टिकत नाही, हे तेव्हा कोणालाच नीट सांगता येत नव्हते. मेडावार यांच्या पुढच्या वीस वर्षांच्या कामाची दिशा तिथे ठरली.

युद्धकाळातच ते ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत टॉमस गिब्सन या प्लास्टिक सर्जनबरोबर काम करायला गेले. तिथे भाजलेल्या एका तरुण स्त्रीच्या जखमेवर त्यांनी तिच्या स्वतःच्या त्वचेचे आणि तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे छोटे तुकडे लावले. स्वतःचे तुकडे रुजले. भावाचे आधी रुजल्यासारखे दिसले आणि मग नष्ट झाले. इथपर्यंत नवे काही नव्हते. पण त्यांनी भावाच्याच त्वचेचे तुकडे दुसऱ्यांदा लावले, तेव्हा ते पहिल्यापेक्षा बरेच लवकर गेले. गोवर एकदा झाला की शरीर त्याला ओळखून ठेवते, तसेच भावाच्या त्वचेलाही शरीराने ओळखून ठेवले होते. म्हणजे कलम नाकारले जाण्यामागे टाक्यांतली चूक किंवा रक्तपुरवठ्याची उणीव नव्हती, प्रतिकारशक्तीची स्मृती होती. १९४३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे सशांवर काटेकोर प्रयोग करून मेडावार यांनी तो पक्का केला.

दुसरे वळण आले गोठ्यातून. १९४८ मध्ये स्टॉकहोमच्या आनुवंशशास्त्र परिषदेत ह्यू डोनाल्ड या पशुशास्त्रज्ञाने त्यांना अडचण सांगितली. जुळी वासरे एकाच बीजापासूनची आहेत की दोन वेगळ्या बीजांपासूनची, हे ओळखायचे कसे? मेडावार यांनी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की एकाची त्वचा दुसऱ्याला लावा. टिकली तर एकबीज, गळली तर द्विबीज. ते तेव्हा बर्मिंगहॅमला प्राध्यापक होते. सहकारी रूपर्ट बिलिंगहॅम यांच्यासह त्यांनी प्रयोग केला, तर उत्तर भलतेच आले. जवळजवळ सगळ्याच जुळ्यांनी एकमेकांची त्वचा स्वीकारली. एक गोऱ्हा आणि एक कालवड, म्हणजे उघडउघड वेगळ्या बीजांच्या जोड्यांनीसुद्धा!

याचे कारण अमेरिकेत रे ओवेन यांनी १९४५ मध्येच नोंदवून ठेवले होते. गायीच्या पोटातल्या जुळ्यांच्या वारा एकमेकींना जोडल्या जातात आणि दोघांचे रक्त मिसळते. जन्माआधी ज्याची ओळख झाली, त्याला शरीर पुढे आयुष्यभर आपलेच मानते. बिलिंगहॅम, लेस्ली ब्रेंट आणि मेडावार यांनी हेच उंदरांत मुद्दाम घडवून दाखवले. आईच्या पोटातल्या पिलांना दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. ती पिले मोठी झाल्यावर त्यांच्यातल्या काहींनी त्याच वाणाची त्वचा विनातक्रार स्वीकारली. ऑक्टोबर १९५३ मध्ये हा निबंध नेचर या नियतकालिकात आला. आपले आणि परके हा भेद शरीर शिकते आणि तो शिकवताही येतो, हे त्यातून सिद्ध झाले. मूत्रपिंड आणि यकृत प्रत्यारोपणाच्या आशेला शास्त्रीय पाया मिळाला. १९६० चे नोबेल पारितोषिक मेडावार यांना ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह मिळाले. मेडावार यांनी आपल्या वाट्याच्या रकमेतला हिस्सा बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांना दिला.

त्याच १९५३ सालात त्यांचा दुसराही एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता, पिलांना जन्म देणाऱ्या प्राण्यांच्या उत्क्रांतीतून उभे राहणारे प्रश्न. त्वचेच्या कलमांत दहा-बारा वर्षे घालवलेल्या माणसाला गर्भ हेही एक कलमच दिसले, यात आश्चर्य नाही. निम्मे परके असलेले हे कलम टिकते कसे? त्यांनी तीन शक्यता मांडल्या. एक, आई आणि गर्भ यांच्यामध्ये वारेची भिंत असेल, त्यामुळे दोघांची गाठच पडत नसेल. दोन, गर्भ इतका अपरिपक्व असेल की त्याच्या पेशींवर परकेपणाच्या खुणाच उमटलेल्या नसतील. तीन, गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती सुस्तावत असेल.

यातली दुसरी शक्यता लवकरच मागे पडली. प्राण्यांच्या गर्भाच्या ऊती शरीरात दुसरीकडे लावल्या की त्या नाकारल्या जातात, म्हणजे खुणा असतात. तिसरीही फार टिकली नाही. आर-एच निगेटिव्ह आईचे शरीर बाळाच्या आर-एच पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, हे आज अनेक घरांत ठाऊक आहे; अँटी-डीचे इंजेक्शन त्याचसाठी असते. १९५८ मध्ये असेही दिसले की अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. आईची प्रतिकारशक्ती झोपलेली नसते. ती बाळाला ओळखते, आणि ओळखूनही राहू देते.

पहिल्या शक्यतेत तथ्यांश होता. आईचे आणि बाळाचे रक्त वेगवेगळ्या वाटांनी वाहते. पण वार म्हणजे बंद भिंत, हे चित्र खरे नाही. गर्भ आणि वार दोन्ही एकाच फलित बीजातून होतात. वारेच्या बाहेरच्या पेशींना ट्रोफोब्लास्ट म्हणतात. गर्भ रुजल्यानंतरच्या आठवड्यांत यातल्या काही पेशी वारेपासून सुटून आईच्या अस्तरात शिरतात आणि पुढे गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जातात. तिथल्या नागमोडी रोहिण्यांचा स्नायूचा थर त्या मोडतात. अरुंद, आकसू शकणाऱ्या नळ्यांचे रुंद, सैल नाळक्यांत रूपांतर होते. मग आईचे रक्त मोठ्या प्रमाणात पण संथपणे वारेपर्यंत पोहोचते. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयात मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त येते, ते या बदलामुळे. रोहिण्यांमधला हा बदल १९६०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली तपशिलाने नोंदवला गेला. कर्करोगाच्या पेशीही अशाच आसपासच्या ऊतींत घुसतात. फरक इतकाच की वारेच्या पेशी ठरल्या जागी थांबतात.

त्यांना थांबवते कोण? आणि आत यायला सांगते कोण? मेडावार यांच्या प्रश्नाचे उत्तर या दोन प्रश्नांत दडलेले होते.

गर्भधारणेसाठी जाड झालेल्या गर्भाशयाच्या अस्तराला डेसिड्युआ म्हणतात. पहिल्या तीन महिन्यांत त्यातल्या पेशींपैकी मोठा वाटा प्रतिकारशक्तीच्या पेशींचा असतो. त्यातही बहुसंख्य असतात नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी. नाव मारेकऱ्याचे, पण गर्भाशयातल्या या पेशी रक्तातल्या एनके पेशींपेक्षा वेगळ्या असतात. इथे त्यांचे काम मारण्याचे कमी आणि निरोप पाठवण्याचे जास्त. पेशी एकमेकींना रसायनांच्या थेंबांनी निरोप देतात. या रसायनांना सायटोकाइन म्हणतात. एनके पेशी इंटरल्युकिन-८ आणि आयपी-१० ही रसायने सोडतात, त्यांच्याकडे ट्रोफोब्लास्ट ओढले जातात. टीएनएफ आणि टीजीएफ-बीटा ही रसायने प्रयोगशाळेत त्यांची घुसखोरी कमी करतात. एलआयएफ नावाच्या रसायनाशिवाय तर उंदरांत गर्भ रुजतच नाही. १९९२ मध्ये दिसले की ते ज्यांच्यात नाही अशा माद्यांत गर्भ तयार होतात, पण चिकटत नाहीत. तेच गर्भ दुसऱ्या निरोगी मादीच्या गर्भाशयात ठेवले की रुजतात. दोष गर्भात नव्हता, निरोपात होता.

काही रसायनांची भूमिका तर जागेनुसार आणि वेळेनुसार बदलते. इंटरफेरॉन-गॅमा हे त्यातले एक. ज्या उंदरांत एनके पेशी नसतात, त्यांच्या गर्भाशयातल्या रोहिण्या रुंद होत नाहीत. बाहेरून इंटरफेरॉन-गॅमा दिले की होतात. तेच रसायन मानवी ट्रोफोब्लास्टवर प्रयोगशाळेत वापरले, तर त्यांची आगेकूच मंदावते. म्हणजे हे चांगले, ते वाईट, अशी सरळ वाटणी इथे चालत नाही. पाहुण्याला ओसरीवर किती वेळ बसवायचे, माजघरात कधी घ्यायचे आणि कुठल्या उंबऱ्याच्या पुढे जाऊ द्यायचे नाही, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावे, तसा हा व्यवहार आहे. त्यात एकच आवाज मोठा झाला तरी घडी बिघडते.

ट्रोफोब्लास्टही मुकाट नसतात. आपल्या बहुतेक पेशींवर एचएलए नावाच्या ओळखपट्ट्या असतात. प्रत्यारोपणात त्याच जुळवून पाहतात. ज्यांवरून कलम सर्वांत जोरात नाकारले जाते, त्या ए आणि बी प्रकारच्या पट्ट्या ट्रोफोब्लास्ट दाखवतच नाहीत. ते सी, ई आणि जी या प्रकारच्या पट्ट्या दाखवतात. यातली जी ही पट्टी शरीरात इतरत्र क्वचितच दिसते आणि सगळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. सी पट्टी मात्र वडिलांकडूनही आलेली असते आणि माणसागणिक बदलते. आईच्या एनके पेशी ती वाचतात. काही जोड्यांमध्ये हे वाचन असे होते की एनके पेशी गप्प बसतात, निरोप कमी पाठवतात, आणि मग रोहिण्या नीट रुंद होत नाहीत. अशा गरोदरपणांत प्री-एक्लाम्प्सियाचा धोका अधिक असतो, हे २००४ मध्ये दाखवले गेले. मेडावार यांना भीती होती ती प्रतिकारशक्तीच्या आक्रमणाची. इथे उलट दिसले. प्रतिकारशक्ती पुरेशी जागी नसेल, तर गर्भ अडचणीत येऊ शकतो.

या उत्तरांचा बराचसा भाग मेडावार यांनी पाहिला नाही. १९६२ मध्ये ते लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चचे संचालक झाले. १९६५ मध्ये सर हा किताब मिळाला. सप्टेंबर १९६९ मध्ये ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून एक्झेटरच्या कॅथेड्रलमध्ये वाचन करत असतानाच त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वय ५४. डावी बाजू लुळी पडली, दृष्टीचा डावा भाग गेला. बुद्धी शाबूत राहिली. पक्षाघातानंतर घरी बसलेले रुग्ण मी नेहमी पाहतो, त्यामुळे त्यांची पुढची अठरा वर्षे मला नोबेलपेक्षा मोठी वाटतात. संचालकपद सोडावे लागले, पण प्रयोगशाळा सोडली नाही. जीन यांच्या मदतीने ते लिहीत राहिले. तरुण शास्त्रज्ञांना सल्ला देणारे त्यांचे पुस्तक १९७९ मध्ये आले. १९८५ मध्ये त्यांना विज्ञान लोकांपर्यंत नेल्याबद्दल युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला; तो आपल्या ओडिशाच्या बिजू पटनायक यांच्या देणगीतून सुरू झालेला आहे. आणखी झटके आले, तरी काम चालू होते. २ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. ट्रोफोब्लास्टवरची जी पट्टी ओळखली गेली ती त्यानंतर तीन वर्षांनी.

आता आपल्या दवाखान्याकडे येऊ. मी फिजिशियन आहे. प्रसूती विभागातून मला बोलावणे येते ते बहुधा बीपी वाढलेल्या गरोदर बाईसाठी. वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तबिंबिका यांवर परिणाम दिसू लागला, की आम्ही त्याला प्री-एक्लाम्प्सिया म्हणतो. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पायांवर आणि चेहऱ्यावर सूज अशी लक्षणे घेऊन ती आठव्या महिन्यात येते. पण अनेकदा त्याचे बीज तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पडलेले असते. तेव्हा ट्रोफोब्लास्ट पुरेसे खोल गेले नाहीत, रोहिण्या अरुंद राहिल्या, वारेला रक्त कमी पडले, आणि त्रासलेल्या वारेने आईच्या रक्तात अशी द्रव्ये सोडली की तिच्या सगळ्या रक्तवाहिन्यांना इजा झाली.

उलट टोकाचेही रुग्ण असतात. गर्भनलिकेत डेसिड्युआचे तयार अस्तर नसते. तिथे गर्भ रुजला, तर ट्रोफोब्लास्टला अडवणारे कोणी नसते. ते नळीच्या भिंतीत घुसतात आणि नळी फुटते. आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार रुजली, तर तिथलेही अस्तर विरळ असते. वार स्नायूत खोल रुतते, बाळंतपणानंतर सुटत नाही आणि जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो. म्हणून गरज नसलेले सिझेरियन टाळायचे असते.

या ज्ञानाचा उपयोग आज आहे, पण तो साधा आहे. ज्या बाईला आधीच्या खेपेला प्री-एक्लाम्प्सिया झाला होता, जिला मूळचाच रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, तिला डॉक्टरी सल्ल्याने सोळा आठवड्यांच्या आत कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू केल्यास धोका घटतो. त्यासाठी तिने बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवायला हवे. सातव्या महिन्यात माहेरी आल्यावर पहिली तपासणी झाली, तर ही संधी गेलेली असते.

अडचण सुरू होते ती अपुऱ्या ज्ञानाचा बाजार होतो तेव्हा. दोन-तीन गर्भपात झालेल्या जोडप्याला सांगितले जाते की बाईचे शरीर नवऱ्याच्या अंशाला नाकारते आहे. मेडावार यांच्या प्रश्नाचा हा सोयीस्कर, अर्धा अर्थ. मग नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून तिला टोचण्याचा उपचार सुचवला जातो. १९८०च्या दशकात तो आशादायक वाटला होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने चाचण्यांबाहेर तो देऊ नये अशी भूमिका घेतली. रक्तातल्या एनके पेशी मोजण्याची तपासणी महाग आहे, पण रक्तातल्या पेशींवरून गर्भाशयातल्या पेशींचे काही कळत नाही, हे आपण वर पाहिलेच. उंदरांत निर्णायक ठरलेले एलआयएफ औषधाच्या रूपात टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात वारंवार अपयश आलेल्या स्त्रियांना देऊन पाहिले गेले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार त्याने गर्भ रुजण्याचे प्रमाण वाढले नाही. ज्या व्यवहारात इतके निरोप एकमेकांत गुंतलेले आहेत, तिथे बाहेरून एक निरोप ओतून काम होत नाही.

मग हे उपचार घेतलेल्या अनेकींना मूल होते, ते कसे? कारण कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपातांनंतरही निम्म्याहून अधिक स्त्रियांचे पुढचे गरोदरपण कोणत्याही खास औषधाविना पूर्ण होते. आणि सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तिथे आईच्या प्रतिकारशक्तीचा संबंधच नसतो. एक अपवाद लक्षात ठेवावा. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम या विकारात आईच्या रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे असतात आणि वारंवार गर्भपात होतात. त्याची तपासणी ठरलेली आहे, आणि अ‍ॅस्पिरिन व हेपॅरिन या उपचाराला पुराव्याचा आधार आहे. ती तपासणी जरूर करावी.

आमच्या सरकारी रुग्णालयात अशी जोडपी जाडजूड फायली घेऊन येतात. दागिने मोडलेले असतात. बरोबरची सासू दबक्या आवाजात विचारते की हिचे अंग मूल धरत का नाही. पैशांपेक्षा त्या प्रश्नाचे ओझे त्या मुलीवर जास्त असते, कारण तिच्याच शरीराने तिच्या बाळाला मारले, असे तिला वाटू लागलेले असते. तिला सांगण्याजोगी पहिली गोष्ट ही की तसे घडते याला पुरावा नाही.

मेडावार आयुष्यभर एक गोष्ट सांगत राहिले. विज्ञानात आधी अंदाज करायचा असतो आणि मग तो स्वतःच कसोटीला लावायचा असतो. अंदाज कितीही आवडता असो, कसोटी न उतरल्यास सोडून द्यायचा. जुळ्या वासरांबद्दलचा त्यांचा ठाम अंदाज गोठ्यात चुकला, आणि त्या चुकण्याचाच पाठपुरावा त्यांना नोबेलपर्यंत घेऊन गेला. गर्भाबद्दलचे त्यांचे तीन अंदाजही तपासले गेले आणि बदलले. सहिष्णुतेचा धागा मात्र तुटला नाही. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधाला २०२५ चे नोबेल मिळाले, आणि गर्भ सुखरूप राहण्यात त्या पेशींचाही वाटा असल्याचे दिसते.

उपचार घेणाऱ्यांनीही हीच कसोटी वापरावी. कोणी महागडे इंजेक्शन सुचवले, तर शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्यात नेमका कोणता दोष सापडला? हा उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना कुठे झाली आहे का? आणि काहीच केले नाही, तर माझे पुढचे गरोदरपण नीट पार पडण्याची शक्यता किती? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर मिळाले नाही, तर घाई करू नये, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.